दिवा लागला नाही म्हणजे?

मागच्या लेखात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजणाऱ्या सेन्सरबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला: खाली लेटरबॉक्समध्ये टपाल पडलं की वर घरात कळेल, असं काही करता येतं का? येतं. आमच्या बिल्डिंगमध्ये असं एक यंत्र वर्षभरापासून चालू आहे, म्हणून या वेळी त्याबद्दलच लिहितो. सामान सहाशे-सातशे रुपयांचं आहे आणि ज्याला सॉल्डरिंग जमतं त्याला दोन रविवार पुरतात. डोकं खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. ती पुढे येईल.

आधी एक सरळ प्रश्न. पोस्टाने आता येतं तरी काय? महत्त्वाचं बरंचसं टपाल स्पीड पोस्टाने येतं. पोस्टमन ते हातात देतो, सही घेतो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टसुद्धा स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं. अशा टपालाला नंबर असतो आणि ते कुठवर आलं हे मोबाइलवर दिसतं. तेव्हा पासपोर्टसाठी किंवा कोर्टाच्या नोटिशीसाठी लेटरबॉक्सला सेन्सर लावायचा विचार असेल तर राहू द्या, त्या पेटीत ते पडतच नाही. पेटीत पडतं ते साधं टपाल: मासिकाचा अंक, विम्याच्या हप्त्याची आठवण, बँकेचं एखादं पत्र, गावाकडची लग्नपत्रिका. आणि पोस्टकार्ड. या टपालाला नंबर नाही, सही नाही, मेसेज नाही. ते निघालं की नाही आणि पोचलं की नाही हे पेटी उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. सेन्सरचं काम इथे आहे.

आमच्याकडे ते काम निघालं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. वय ७६, एकट्या राहतात, बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यांची थोरली बहीण ग्वाल्हेरला असते आणि तिला आता अजिबात ऐकू येत नाही. मशीन लावूनही नाही. म्हणजे फोन संपला. व्हॉट्सअॅपचं म्हणाल तर नातवाने दोनदा शिकवलं, दोनदा फोन कपाटात गेला. पण हात चांगला चालतो आणि पत्र लिहायची सवय सत्तर वर्षांची, तेव्हा ती पोस्टकार्ड लिहिते. पन्नास पैशांचं कार्ड, बारीक अक्षर, पत्त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतही मजकूर. कार्ड कधी चौथ्या दिवशी येतं, कधी दहाव्या. काकू रोज दुपारी छत्तीस पायऱ्या उतरून पेटी बघायच्या आणि छत्तीस पायऱ्या चढून वर यायच्या. गुडघ्यांची अवस्था अशी की डॉक्टरांनी जिना दिवसातून एकदाच, असं बजावलेलं. तो एकदा दूधवाल्यासाठी खर्च करायचा की पत्रासाठी, हा त्यांचा रोजचा हिशेब होता.

मी आधी सगळ्यात स्वस्त उपाय सुचवला. पार्किंगमध्ये मुलं खेळतच असतात, त्यांना विचारायचं. काकू म्हणाल्या, "विचारलं ना महिनाभर. 'नाही आलं' सांगताना माझ्याआधी त्या पोरांचंच तोंड उतरतं. मग एकाने 'येईल उद्या' असं सांगायला सुरुवात केली. नको रे बाबा."

थोडं विषयांतर. कार्डावर जो पिन लिहितो, ती पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्ट खात्यातले मराठी अधिकारी, वर संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत देशाचे विभाग पडले तेव्हा महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश एकाच आकड्याखाली आले: ४. मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११, आपलं इंदूर ४५२, ग्वाल्हेर ४७४. बडोदेकर तेवढे ३ मध्ये गेले, बेळगाव आणि हैदराबादचे ५ मध्ये. तेव्हा पुण्याच्या चुलतभावाने "तुम्ही बाहेरचे" असं चिडवलं तर निदान पोस्टाचा पहिला आकडा त्याला दाखवता येतो.

असो. यंत्राकडे येऊ.

पेटीला झडप असेल तर सगळ्यात सोपा सेन्सर म्हणजे रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात, लांब गेलं की सुटतात. १९३६ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवूड यांनी तो शोधला आणि आजही घराच्या दाराला लावायचे जे तयार सेन्सर मिळतात, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात तोच असतो. चुंबक झडपेवर, स्विच पेटीच्या आत. चुंबक लावताना मात्र बिजागरीपासून सगळ्यात लांबच्या कडेला लावायचं. जाड अंक आत जाताना झडप पूर्ण उघडते, पण पोस्टकार्ड सरकवलं तर ती जेमतेम बोटभर उचलली जाते. बिजागरीजवळ चुंबक लावलं तर ते जागचं हलणारही नाही. कंपन ओळखणारा सेन्सर या कामाला वापरू नका. आमच्या बारा पेट्या एकाच लोखंडी चौकटीत आहेत, एकाने आपली पेटी आपटली की बाराही थरथरतात.

मी पहिल्यांदा एवढंच लावून बघितलं आणि काकूंना विचारलं, झडप उघडली की घरात घंटा वाजवू का? त्यांचा पहिला प्रश्न होता, "घंटा वाजली म्हणजे पत्र आलंच ना?"

नाही. घंटा वाजली म्हणजे झडप हलली. पोस्टमनने हलवली असेल, कोचिंग क्लासची जाहिरात टाकणाऱ्या मुलाने हलवली असेल, चुकून दुसऱ्याचं पत्र पडलेलं शेजाऱ्याने बोटाने काढून घेतलं असेल. माझ्यासारख्या माणसाला हे फारसं खटकत नाही. खोटा इशारा आला तर स्क्रीनवर बोट फिरवून पुसून टाकायचा. काकूंना खोटा इशारा म्हणजे बहात्तर पायऱ्या, आणि वर हात हलवत परत येणं. तेव्हा झडप हलली हे पुरेसं नव्हतं. आत काही पडलंय का, हे कळायला हवं होतं.

त्यासाठी पेटीच्या तळाशी दुसरा सेन्सर लागला. अंतर मोजणारा लेझर सेन्सर वरून खाली रोखून बघितला, पण त्याच्या मापात तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच आणि पोस्टकार्ड तळावर सपाट पडलं की त्याला ते मुळीच दिसत नाही. मग उलटं केलं. रेषेवरून चालणाऱ्या खेळण्यातल्या रोबोटला खालून लावतात तो इन्फ्रारेड सेन्सर तळाशी ठेवला, वर तोंड करून. त्यात एक न दिसणारा दिवा असतो आणि शेजारी एक डोळा. वर कागद असला तर प्रकाश परततो, नसला तर परतत नाही. कागद नेमका सेन्सरवरच पडावा म्हणून आत फोमबोर्डचा उतरता तळ बसवला, सुपासारखा. पत्र कुठेही पडो, घसरत एका कोपऱ्यात येतं आणि तिथे सेन्सर वाट बघत असतो. बाहेरच्या उजेडाने फसायला नको म्हणून दिवा बंद ठेवून एकदा मोजायचं, चालू करून एकदा, आणि वजाबाकी करायची. काळ्याभोर शाईच्या कागदाला हा सेन्सर चकतो. पण काळी लग्नपत्रिका अजून कुणी छापलेली नाही.

आता हे वर कळवायचं कसं? घरातलं वायफाय पार्किंगपर्यंत पोचत नाही. दोन स्लॅब आणि वर लोखंडी पेटी, म्हणजे रेडिओलहरींसाठी तुरुंगच. ज्यांचा बंगला आहे आणि फाटकापासून दार दहा पावलांवर आहे, त्यांनी बाजारातला झिग्बीचा दाराचा सेन्सर घ्यावा, पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून चालतो का ते बघावं आणि पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत. आमच्यासाठी मी लोरा निवडलं. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने हे तंत्र तयार केलं आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. यात संदेश शिट्टीसारखा चढत किंवा उतरत जाणाऱ्या सुरांत पाठवतात, त्यामुळे गोंगाटात अगदी क्षीण झालेला संदेशही ओळखता येतो. वेग फार कमी असतो, गाणं किंवा फोटो पाठवणं विसरा. पण "पेटीत कागद आहे" एवढ्या निरोपाला वेग लागतो कुठे? आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या अशा यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे, तिथेच हे चालतं. अँटेना म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटरची साधी तार. ती पेटीच्या बाहेर काढायची. आत राहिली तर सगळं व्यर्थ.

वीज हा यातला सगळ्यात गमतीचा भाग आहे, तिथे जरा थांबतो. पेटीत दोन पेन्सिल सेल आहेत, साधारण २००० मिलिअँपिअर-तासांचे. बाजारातला तयार डेव्हलपमेंट बोर्ड जसाच्या तसा लावला, तर चिप झोपलेली असली तरी बोर्डावरचे इतर भाग मिळून दहाएक मिलिअँपिअर पितात. २०० तास. आठ दिवसांत सेल संपले. म्हणून मी आर्डुइनोमध्ये असते ती चिप सुटी घेतली. गाढ झोपेत ती काही मायक्रोअँपिअरवर राहते आणि ठरावीक वेळाने स्वतःच जागी होते.

तरीही एक गळती दिसायला वेळ लागतो. झडप बंद असते तेव्हा चुंबक स्विचजवळ असतं, म्हणजे स्विच जोडलेला असतो, म्हणजे त्यातून वीज वाहत असते. आणि झडप दिवसाचे जवळजवळ चोवीस तास बंदच असते. तिथे नेहमीचा १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर ३ व्होल्टला ३०० मायक्रोअँपिअर सतत जातात. नऊ महिन्यांत सेल रिकामे, तेही काहीही काम न करता. तिथे १ मेगओहम लावला की ही गळती ३ मायक्रोअँपिअरवर येते. दोन रुपयांचा रेझिस्टर. या लेखातून एकच गोष्ट वहीत टिपून ठेवणार असाल तर ही टिपा, दारंखिडक्यांना सेन्सर लावतानाही उपयोगी पडेल.

एवढं झाल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक डबी लावली. तिच्यात एक दिवा. पेटीत कागद पडला की लागायचा, पेटी रिकामी केली की विझायचा. मी समजावून सांगितलं, दिवा लागला तरच खाली जा. काकूंनी तो बघितला, हात पुसले आणि विचारलं, "आणि दिवा लागला नाही म्हणजे?"

"म्हणजे पत्र नाही."

"की तुझं यंत्र बंद पडलं?"

मी गप्प. त्या पुढे म्हणाल्या, "आम्ही एक्स्चेंजमध्ये होतो तेव्हा फोन उचलला की आधी टोन यायचा. कुणाशी बोलणं व्हायच्या आधी. टोन म्हणजे लाइन जिवंत आहे. तुझ्या दिव्याला टोन कुठाय?"

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यात हे मला माहीत होतं. पण माझ्या क्षेत्रातल्या माणसाला त्यांनी त्याच्याच क्षेत्रातला प्रश्न विचारला होता. आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे की नाही हे बघायला तो दर काही सेकंदांनी "मी आहे" म्हणतो, त्याला हार्टबीट म्हणतात. ऑफिसमध्ये त्याशिवाय आम्ही एक साधं पानही चालवत नाही. घरच्या यंत्रात मात्र सहसा कुणी तो ठेवत नाही, कारण सेल वाचवायचे असतात. आणि बघा, हे यंत्र लावायच्या आधी काकू रोज खाली जायच्या, त्यामुळे कार्ड आलं असेल तर फार तर एक दिवस पडून राहायचं. आता त्या दिव्यावर विसंबून वर बसणार. सेल संपले, तार तुटली, पाणी शिरलं, तर दिवा विझलेलाच राहणार आणि ग्वाल्हेरचं कार्ड दोन-दोन आठवडे पेटीत. तिकडे बहिणीला वाटणार, उत्तर का येत नाही? दोघींच्या वयात "उत्तर का येत नाही" याचा अर्थ माणूस काय काढतो हे सांगायला नको.

म्हणून टोन घातला. पेटी आता दर अर्ध्या तासाने, पत्र असो नसो, एक छोटा संदेश पाठवते: मी आहे, तळाशी कागद आहे किंवा नाही, सेलमध्ये एवढा दम आहे. वरच्या डबीने लागोपाठ तीन संदेश ऐकले नाहीत की लाल दिवा. खर्च किती? एक संदेश सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो आणि तेवढा वेळ साधारण ४० मिलिअँपिअर लागतात. दिवसाला ४८ संदेश. सगळं गुणून वर्षाला दहाएक मिलिअँपिअर-तास होतात. २००० मधले दहा! हार्टबीटने सेल संपतील ही भीती हिशेब न करता बाळगलेली असते. मी सेल दर दिवाळीच्या साफसफाईत बदलायचे ठरवलंय, ते संपतात म्हणून नाही, जुने सेल पाझरतात म्हणून.

डबीवर आता तीन दिवे आहेत. हिरवा म्हणजे लाइन जिवंत. पिवळा म्हणजे पेटीत काहीतरी आहे. लाल म्हणजे मला काही माहीत नाही, स्वतः जाऊन बघा. काकूंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा रंगावर भरवसा नको म्हणून तिन्हींच्या जागा दूर दूर ठेवल्या: हिरवा डावीकडे, पिवळा मध्ये, लाल उजवीकडे. तिन्ही विझलेले असले तर डबीचीच वीज गेलेली. अशा वेळी पंखाही बंद असतो, वेगळं सांगावं लागत नाही. पिवळ्याला नाव काय द्यायचं यावर आमची थोडी चर्चा झाली. मी चिठ्ठीवर "पत्र आलं" लिहून आणलं होतं. काकूंनी ते खोडून "पेटीत काहीतरी आहे" असं लिहिलं. बरोबर होतं ते.

कारण पहिल्याच आठवड्यात त्या तीनदा खाली गेल्या आणि तिन्ही वेळा पिझ्झाची जाहिरात. कागद कोणता आहे हे त्या तळाच्या सेन्सरला कळत नाही, कळणारही नाही. पेटीत कॅमेरा लावून चित्र ओळखायचं असं एका मित्राने सुचवलं. दुसऱ्याचं पोस्टकार्ड, मजकूर उघडा, आणि त्याचा फोटो काढून इंटरनेटवर पाठवायचा? मला ते आवडलं नाही आणि काकूंना तर विचारलंच नाही. त्याऐवजी पेट्यांच्या शेजारी भिंतीवर प्लायवूडचा एक उघडा ट्रे ठोकला आणि वर लिहिलं, "पर्चे यहाँ रखें". जाहिरात वाटणाऱ्या मुलांना बारा फटींत बारा कागद कोंबण्यापेक्षा एका ट्रेमध्ये गठ्ठा ठेवणं सोयीचंच होतं. आता आठवड्यातून एखादीच चुकार जाहिरात पेटीत येते. या सगळ्या यंत्रातला सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे तो ट्रे, असं माझं मत आहे.

अजून दोन माणसांशी बोलणं आवश्यक होतं. पहिला पोस्टमन. पेटीतून तार बाहेर आलेली, आत सेल आणि सर्किट. न सांगता असं काही लावणं बरं नाही. एका दुपारी त्याला थांबवून पेटी उघडून दाखवली, बाहेर नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी लावली. त्याने नीट बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "भिया, इसमें मेरा टाइम नोट होता है क्या?"

चाचणीच्या दोन आठवड्यांत होत होता. त्यावरून मला एवढं कळलं होतं की तो बहुतेक बारा ते दोनच्या मध्ये येतो. तेवढंच माहीत करून घ्यायचं होतं, मग तो भाग काढून टाकला. मी तसं सांगितलं. पण ही गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर गेलीच आणि आमच्यातल्या एका सद्गृहस्थांना कल्पना आवडली: वेळांची नोंद ठेवा, टपाल उशिरा आलं की तक्रारीला पुरावा होईल. मी नाही म्हणालो. जरा वाजलं आमचं. माझं म्हणणं एवढंच होतं, की काकूंना पत्र कधी आलं हे कळायला लावलेली वस्तू पोस्टमनची हजेरी घ्यायला वापरायची असेल तर ती त्याला आधी सांगून, त्याच्या साहेबांशी बोलून वापरावी. पेटीत लपून नाही. पोस्ट खातं स्वतःच्या अनेक लाल पेट्यांत आता बारकोड ठेवतं, पेटी उघडणारा कर्मचारी तो मोबाइलने स्कॅन करतो. तिथे निदान स्कॅन करणाऱ्याला माहीत असतं की नोंद होते आहे.

नोंद न ठेवण्याचं दुसरंही एक कारण आहे. हवेत सोडलेला संदेश कुणालाही ऐकू येतो. हजारभर रुपयांचा रिसीव्हर घेऊन गल्लीत बसलेल्या माणसाला "पेटीत कागद आहे" हे तीन दिवस सलग ऐकू आलं, तर त्याला कळेल की या घरात कुणी नाही. म्हणून संदेश गुप्त करून पाठवायचा. सोळा बाइटचा एक ठोकळा पुरतो, ही छोटी चिप तेवढं एईएस करू शकते. प्रत्येक संदेशात वाढत जाणारा क्रमांक टाकायचा आणि वरच्या डबीने मागच्यापेक्षा मोठा क्रमांक असेल तरच विश्वास ठेवायचा. नाहीतर जुना संदेश ध्वनिमुद्रित करून पुन्हा पुन्हा वाजवता येतो आणि पेटी मेली तरी हिरवा दिवा लागलेला राहील. बिल्डिंगमधल्या आणखी दोघांना आता असंच हवंय. तेव्हा प्रत्येक पेटीला वेगळा ओळखक्रमांक आणि वेगळी किल्ली द्यावी लागेल. एकच किल्ली तिघांना देऊन मोकळं व्हायचा मोह आवरा.

लाल दिवा वर्षभरात एकदाच लागला. मे महिन्यात बिल्डिंगला रंग देत होते. सकाळी रंगाऱ्यांनी पेट्यांची अख्खी चौकट भिंतीवरून काढून जिन्याखाली उलटी ठेवली, तार कुठेतरी अडकून तुटली. मी ऑफिसात होतो. अकराच्या सुमारास काकूंकडे हिरवा विझून लाल लागला. त्यांनी मला फोन केला नाही. खाली उतरल्या, रंगाऱ्यांना विचारून आपली पेटी शोधली. ती उलटी असल्यामुळे तिच्यात काहीच नव्हतं. मग त्या तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर पोस्टमन येईपर्यंत बसल्या, दीड तास, रंगाऱ्यांशी गप्पा मारत. ग्वाल्हेरचं कार्ड त्या दिवशी त्यांच्या हातात मिळालं. कडेला रंगाऱ्याच्या बोटाचा राखाडी ठसा आहे, कारण त्यानेच ते पोस्टमनकडून घेऊन त्यांना दिलं. संध्याकाळी मी तार जोडली तेव्हा उत्तराचं कार्ड लिहून तयार होतं आणि ते लाल पेटीत टाकायचं काम मला मिळालं.